पश्चिमेची भिंत

"भिंत चांगली फूटभर जाड असणार आहे, त्यामुळं बाहेर कितीही ऊन असलं तरी खोली गार राहील," मी म्हणाले, आणि माझं वाक्य संपतं न संपतं तोच केवळाबाई उठून पत्र्याच्या शेडकडं निघून गेल्या.

अंगणात आम्ही पाच जण बसलो होतो. ज्यांच्या अंगणात खोली बांधायची होती ते शिवलिंग बिराजदार, गावच्या शाळेत गुरुजी. त्यांची बायको राजश्री, तिच्या मांडीवर दोन महिन्यांची मुलगी. औश्याहून आणलेले महेबूबसाब गवंडी. मी. आणि गुरुजींच्या आई केवळाबाई, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला होता. त्याच उठून गेल्या होत्या.

गुरुजी ओशाळले. "मनावर घेऊ नका मॅडम. आईचं असंच असतं. भिंतीचं नाव काढलं की उठून जाते."

कवठाळी हे लातूर जिल्ह्यातलं गाव. भूकंपाला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. त्या पहाटे म्हैस व्यायला झाली होती म्हणून केवळाबाई उठून गोठ्यात गेल्या होत्या आणि अकरा वर्षांचा शिवलिंग गणपतीच्या मांडवात झोपला होता. घरात नवरा होता आणि दोन मुली. दगडाच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद. त्यातून तिघांपैकी कुणीही जिवंत निघालं नाही. पुढं सरकारनं नवं गाव वसवलं, नवी पक्की घरं दिली. केवळाबाई त्या घरात स्वयंपाक करत, जेवत, दळणकांडण करत. पण पाठ टेकायची वेळ आली की अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जात. पंचवीस वर्षं त्या तिथंच झोपत होत्या. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली भाकरी भाजून निघेल असं ऊन. आदल्या उन्हाळ्यात तिथंच त्यांना चक्कर आली आणि चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यानंतर गुरुजींनी कुठल्याशा मासिकात आमच्या कामाविषयी वाचलं आणि पत्र पाठवलं.

आमचं काम म्हणजे भांगेच्या भिंती. हे सांगितलं की लोक हसतात, तेव्हाही हसायचे. भांगेचीच एक जात असते, तिच्यात नशा नसते म्हटलं तरी चालेल. डोंगराळ मुलखात ती वाढते. तिच्या खोडाची साल काढून धागा करतात आणि आतली पांढरी काडी उरते, तिला फारसं कुणी विचारत नाही. त्या काडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून चुन्यात कालवले आणि फळ्यांच्या साच्यात भरले की महिन्या-दीड महिन्यात हलकी भिंत तयार होते. आग धरत नाही, वाळवी लागत नाही, उन्हाळ्यात तापत नाही. भार तिच्यावर टाकायचा नसतो, तो लाकडी सांगाडा घेतो. पुण्यातल्या आमच्या संस्थेच्या प्रयोगशाळेत मी तीन वर्षं हेच करत होते. ठोकळे पाडायचे, वाळवायचे, दाबून फोडायचे, आकडे लिहायचे. शेकडो ठोकळे फोडले असतील. माणूस मात्र त्या भिंतीआड अजून एकही राहिला नव्हता. कवठाळीची खोली ही पहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आखणीसाठी चुन्याच्या रेघा मारत होते, तेव्हा केवळाबाई आपण होऊन आल्या. ठेंगणा बांधा, कपाळावर विभूती, हातात नातीचं वाळत घालायचं दुपटं. रेघेच्या बाहेर उभ्या राहिल्या.

"बाई, एक इचारायचं हाय."

"विचारा की."

"तुमची भिंत पडली तर किती लागंल?"

मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. भिंत किती भार घेते, किती वर्षं टिकते, ओल धरते का, हे सगळं मी तोंडपाठ सांगू शकले असते. मी म्हणाले, "पडणार नाही. सांगाड्याला धरून असते."

"ते न्हाई इचारलं. पडली तर."

मग मी वजनाचा हिशेब सांगितला. एवढ्या लांबी-रुंदीला दगड इतका, वीट इतकी आणि हे इतकं.

"किलोमधी नगा सांगू," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाडीत ते ठोकळे हायेत ना, ते आणा."

नमुन्याला आणलेले सहा ठोकळे जीपमध्ये होते. लांबीला फूटभर, जाडीला चार बोटं. महेबूबसाबांनी ते आणून ठेवले. केवळाबाईंनी दुपटं दोरीवर टाकलं, पदर कमरेला खोचला आणि सरळ जमिनीवर उताण्या आडव्या झाल्या.

"ठेवा माझ्या अंगावर."

"आई, काय हे?" गुरुजी घरातून धावत आले. शाळेत जायला निघाले होते, एका पायात चप्पल होती.

"तू शाळंत जा. ठेवा हो मिस्त्री."

महेबूबसाब माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली. त्यांनी दोन ठोकळे पायांवर ठेवले, दोन पोटावर, दोन छातीवर. कुंपणापलीकडं शेजारच्या दोघी बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. केवळाबाईंनी डोळे मिटले. श्वासाबरोबर छातीवरचे ठोकळे वर-खाली होत होते. बराच वेळ त्या तशाच पडून राहिल्या.

"काढा," त्या म्हणाल्या. काढले. त्या उठल्या मात्र नाहीत. "आता वरनं टाका."

"आक्का, हे आपल्याकडून होणार न्हाई," महेबूबसाब म्हणाले.

"पडताना भिंत हळू ठेवत न्हाई, मिस्त्री."

शेवटी त्यांनी एक ठोकळा कमरेएवढा उचलून त्यांच्या मांडीवर सोडला. तो आपटून बाजूला घरंगळला, एक कोपरा तुटला. केवळाबाईंच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण हाताच्या मुठी आवळल्या गेल्या. थोड्या वेळानं त्या उठून बसल्या, मांडी चोळली, पाय दुमडून बघितला, सरळ करून बघितला.

"लागलं," त्या म्हणाल्या. "पण हाड राहिलं." आणि दुपटं घेऊन निघता निघता वळून म्हणाल्या, "बांधा."

काम सुरू झालं. महेबूबसाब सत्तरीचे होते. बारवा, कमानी आणि दर्ग्याचे चबुतरे चुन्यात बांधणाऱ्या घराण्यातले. गेली वीस वर्षं त्यांच्या हाताला सिमेंटशिवाय काही लागलं नव्हतं आणि पुन्हा चुना मळायला मिळणार म्हणून ते मजुरी न ठरवताच आले होते. त्यांनी अंगणात खड्डा काढून कळीचा चुना विझवला, पंधरा दिवस मुरवला, विटांची भुकटी घालून मळला. मी प्रयोगशाळेतली मापं सांगायची, ते ऐकून घ्यायचे आणि मग चिमटीत चुना धरून आपल्या मनानं पाणी घालायचे. दोन-तीनदा तपासून बघितल्यावर मी मापं सांगणं सोडून दिलं.

केवळाबाई सकाळपासून तिथंच असत. भुशाचं, म्हणजे त्या काडीच्या तुकड्यांचं, पोतं उघडलं की सूप घेऊन बसत आणि सगळा भुसा पाखडून मगच घमेल्यात टाकू देत. कधी एखादा खडा निघे, सुपारीएवढासुद्धा नसे. तो त्या कुंपणापलीकडं भिरकावत. मजूर हसायचे. सूप खाली ठेवून त्या म्हणायच्या, "हसा. तुमाला हितं झोपायचं न्हाई."

गावात मात्र वेगळीच चर्चा चालली होती. बिराजदार गुरुजींच्या अंगणात भांगेची पोती उतरलीत म्हणून कुणीतरी कळवलं आणि एक दिवस फौजदार स्वतः आले. मी कागद दाखवले. त्यांनी पोत्यात हात घालून वास घेतला, थोडा भुसा खिशात टाकला, आणि जाता जाता महेबूबसाबांना हळूच विचारलं, "खरंच काही होत न्हाई का हो यानं?"

"भिंत होते, साहेब," महेबूबसाब म्हणाले.

मार्चच्या मध्यापर्यंत तीन भिंती उभ्या राहिल्या. दक्षिणेला दार, उत्तरेला आणि पूर्वेला खिडकी. पश्चिमेची तेवढी राहिली होती. तिला दार-खिडकी काही नव्हतं, एका दमात भरता आली असती. पण भुसा संपत आला होता आणि दुसरा ट्रक वाटेतल्या एका नाक्यावर अडकून पडला होता. कागदावर मालाचं नाव वाचून तो अडवला होता. तपासणीला नमुना जाणार, अहवाल येणार, मग सोडणार. मी रोज फोन करत होते आणि रोज तेच उत्तर मिळत होतं.

त्यात पुण्याहून आमच्या संचालकांचा, सबनीस सरांचा, फोन आला. आमच्या कामाला पुढची पाच वर्षं मदत करू शकेल अशा एका ट्रस्टची मंडळी खोली बघायला येणार होती. तारीख ठरली होती, बारा एप्रिल.

"सर, पश्चिमेची भिंत राहिली आहे. माल अडकलाय."

"काहीतरी कर. तू इंजिनिअर आहेस," ते म्हणाले. "तीन भिंतींची खोली दाखवायची का त्यांना?"

त्याच आठवड्यात केवळाबाई भाच्याच्या लग्नासाठी उमरग्याला गेल्या. पाच दिवसांसाठी.

त्यांच्या जाण्याची मी वाट बघत होते असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आता नक्की सांगता येत नाही. त्या गेल्या त्या दुपारी मी महेबूबसाबांना म्हणाले, "उरलेला भुसा तळाला आणि वरच्या थराला वापरू. मधे वाळू, सिमेंट आणि विटांचे तुकडे भरू. गिलावा केल्यावर चारही सारख्याच दिसतील."

ते चुना मळत होते. हात थांबले. "वजन वाढंल, बाई."

"सांगाडा घेईल तेवढं. मी हिशेब केलाय."

"सांगाडा घेईल," ते म्हणाले. "आक्कांना काय सांगणार?"

"मिस्त्री, भिंत पक्की होईल. आत्ता आहे त्यापेक्षा पक्की."

त्यांनी खाली बघून पुन्हा चुना मळायला घेतला. तीन दिवसांत भिंत भरून झाली, सिमेंट होतं म्हणून लवकर धरलीही. पाचव्या दिवशी चुन्याचा गिलावा पूर्ण झाला. चारही भिंतींना एकच पांढरा रंग चढला. महेबूबसाब आपलं सामान गोळा करून औश्याला निघून गेले. जाताना एरवी ते "खुदा हाफिज बाई" म्हणत, त्या दिवशी म्हणाले नाहीत.

अकरा एप्रिलला, म्हणजे पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी, केवळाबाई परत आल्या. एसटीतून उतरून घरातसुद्धा न जाता सरळ खोलीपाशी आल्या. उंबऱ्यात थांबल्या. मी आत तापमानाच्या नोंदी करत बसले होते. बाहेर एकोणचाळीस, आत एकतीस. त्या आत आल्या, पूर्वेच्या भिंतीवरून हात फिरवला, मग उत्तरेच्या, मग पश्चिमेच्या. तळहात बराच वेळ टेकवून ठेवला. मला वाटलं, त्यांना कळलं. पण त्या वळून म्हणाल्या, "गार हाय."

मग त्यांनी राजश्रीला हाक मारली. "पाळणा आण गं."

राजश्री दारातच थबकली. सासूनं छताखाली असताना नातीला कधी जवळ घेतलं नव्हतं. घेतलं ते अंगणात, आभाळाखाली. "हितं आणू? आत?" तिनं विचारलं.

"मग कुठं? मी हितं झोपणार तर पोरगी माझ्याजवळ नगं का?"

राजश्री लगबगीनं गेली आणि लोखंडी घोडीचा पाळणा ओढत घेऊन आली. केवळाबाईंनी खोलीभर बघून घेतलं. दोन्ही खिडक्यांचं वारं कुठून येतं, दाराची तिरीप कुठं पडते. मग पश्चिमेच्या भिंतीकडं बोट केलं. "तिथं लाव. भिंतीला चिकटून. तिथं वारं थेट लागत न्हाई."

राजश्रीनं पाळणा तिथं लावला, आत मऊ लुगड्याची घडी पसरली आणि खांद्यावरच्या मुलीला ठेवायला वाकली.

"पाळणा तिथं नको," मी म्हणाले.

दोघींनी माझ्याकडं बघितलं.

"का?" केवळाबाईंनी विचारलं.

वही माझ्या मांडीवर उघडी होती. मी ती मिटली. "ही भिंत वेगळी आहे. तुम्ही लग्नाला गेला होतात तेव्हा भरली. भुसा संपला होता. आत वाळू आहे, सिमेंट आहे, विटांचे तुकडे आहेत. बाकीच्या भिंतींपेक्षा तिप्पट जड आहे." आणि मग, गप्प राहवेना म्हणून, "पण पडणार नाही. सांगाड्याला पक्की बांधलीय. मी स्वतः बघितलंय."

"पडंल का, हे मी कधी इचारलं होतं?"

केवळाबाईंनी राजश्रीला मुलीला घेऊन घरात जायला सांगितलं. ती गेल्यावर त्या दाराजवळ, पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. मला वाटलं, आता त्या बोलतील, मला, महेबूबसाबांना, मुलाला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. प्रवासाची धूळ होती.

"आमची बी भिंत पडणार न्हवती," त्या म्हणाल्या. "दोन हात रुंद होती. मालकांनी आधी दीड हाताची धरली होती. मी मागं लागले. माझं म्हायेर नदीकाठचं, तिथं घर गार. हितं आले तर उन्हानं जीव जायचा. मी मनले, जाड करा, दोन हात करा. त्यांनी केली. मग वरनं माती. दर साली पावसाच्या आधी माळवदावर माती टाकायची असती, ती मीच टाकायची. लोक दोन बोटं टाकायचे, मी चार टाकायची. पाट्या वाहून वाहून. एकोणीस वर्सं."

घरातून राजश्रीचा पाळण्याविना मुलीला झोपवतानाचा आवाज येत होता.

"दुपारी समद्या गल्लीतल्या बाया माझ्या घरात येऊन बसायच्या. तुझं घर लई गार गं केवळा, मनायच्या. मला बरं वाटायचं. तवा कुणी सांगितलं न्हाई, हे किती जड व्हायलंय. आन मी बी कुणाला इचारलं न्हाई."

"गुरुजींना माहीत आहे?"

"त्याला काय ठाव? लहान हुता. समदे मनतात भूकंपानं नेलं. नेलंच की भूकंपानं. पण शेजारच्या चंद्रकलाच्या घरावर माती कमी होती. तिचं माणूस निघालं जित्तं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू पहिल्या दिवशी तेच बोललीस. जाड भिंत, गार खोली. मला तिथं बसवेना."

त्या मला आजवर 'तुमी' म्हणत आल्या होत्या. तो बदल माझ्या उशिरा लक्षात आला.

मी त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं, तुमची चूक नव्हती, असं काहीतरी. मी तिथं बसून होते तेवढंच.

"पंचवीस वर्सांत कुणाला बोलले न्हाई," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस मनून मी सांगितलं. आता फोड ती."

"उद्या पाहुणे येणार आहेत."

"येऊ दे की. त्यांना मी जेवायला करीन."

मी औश्याला निरोप पाठवला. दुपारी दोनच्या सुमारास महेबूबसाब आले. सायकलच्या दांडीला पहार बांधली होती आणि मागं घण.

"निरोप काय मिळाला तुम्हाला?" मी विचारलं.

"बाईंनी बोलावलंय, एवढाच."

"मग पहार कशी आणलीत?"

"दुसरं काय काम राहिलं होतं?" ते म्हणाले आणि दोरी सोडायला लागले.

शाळेतून आल्यावर गुरुजी हादरलेच. नवी कोरी भिंत फोडताहेत म्हटल्यावर कुणीही हादरेल. मी त्यांना भिंतीत काय भरलं होतं ते सांगितलं. बाकीचं सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. त्यांनी शर्ट काढून ठेवला आणि तेही घमेली उचलायला लागले. सिमेंट चांगलं धरलं होतं. माझा हिशेब बरोबर होता, भिंत खरोखर पक्की होती. दिवस मावळेपर्यंत अर्धीच उतरली. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा सुरू केलं आणि पाहुण्यांच्या गाड्या अंगणात शिरल्या तेव्हा शेवटचा थर निघत होता. मी घामानं आणि सिमेंटच्या धुळीनं माखलेली, हातात पहार.

सबनीस सर गाडीतून उतरले आणि उतरले तिथंच उभे राहिले. ट्रस्टचे एक वयस्कर विश्वस्त पुढं आले. त्यांनी तीन भिंती बघितल्या, चौथीच्या जागचा लाकडी सांगाडा बघितला, समोर पडलेला ढीग बघितला.

"इथं काय झालं?"

सर पुढं होऊन म्हणाले, "तांत्रिक अडचण होती, नव्यानं भरतोय."

"तांत्रिक नाही," मी म्हणाले. "माल कमी पडला म्हणून मी भेसळ केली होती. लपवली होती. आता काढली."

त्या गृहस्थांनी वाकून ढिगातला एक तुकडा उचलला, दुसऱ्या हातात पूर्वेच्या भिंतीच्या नमुन्याचा ठोकळा घेतला. दोन्ही तोलून खाली ठेवले आणि खिशातली वही काढून एक ओळ लिहिली. पुढं केवळाबाईंनी सगळ्यांना ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतली. जेवताना कामाचं कुणी बोललं नाही.

मदत मिळाली नाही. महिन्याभरानं पत्र आलं. ज्या संस्थेच्या चाचणीत भेसळ होऊ शकते तिच्या आकड्यांवर विसंबता येत नाही, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. ते खरंच होतं. सरांनी मला बोलावलं.

"भिंत पडली नसती," ते म्हणाले.

"नसती पडली, सर."

"तुला गप्प बसता आलं असतं."

"बसले होते की, पाच दिवस."

जूनमध्ये मी संस्था सोडली. सोडायला लावली म्हटलं तरी चालेल. माझ्याबरोबरच्या दोघांचंही काम त्या मदतीवर अवलंबून होतं, त्यांचंही गेलं. त्यांच्यातला एक आजही माझ्याशी बोलत नाही आणि त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

अडकलेला ट्रक मे महिन्यात सुटला. तो माल कवठाळीच्या नावानंच निघाला होता, त्यामुळं संस्थेनं हरकत घेतली नाही. पावसाच्या आधी मी आणि महेबूबसाबांनी पश्चिमेची भिंत पुन्हा भरली. या वेळी केवळाबाई सूप घेऊन बसल्या नाहीत. सांगाड्याच्या आत उभ्या राहून त्यांनी स्वतः धुमसानं थर चोपले, हलक्या हातानं, महेबूबसाब सांगतील तसे. भिंत वाळायला वेळ लागला. दिवाळीनंतर गुरुजींचा फोन आला की आईनं बाज आत नेली, पाळणाही नेला.

त्यानंतर मी लातूर आणि धाराशिव भागात अशा बऱ्याच खोल्या बांधल्या, बहुतेक एकेक खोलीच्याच. माल मिळवायची तीच रडकथा आजही आहे. महेबूबसाब पहिल्या सात खोल्यांना होते, नंतर त्यांचे गुडघे गेले.

कवठाळीला मी पुन्हा गेले ती पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, भिंतींची पाहणी करायला. दुपारची वेळ होती. केवळाबाई बाजेवर पडल्या होत्या आणि नात बाजेचा पाय धरून उभी राहायला शिकत होती. पश्चिमेच्या भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीला काजळाचे डाग पडले होते. मी भिंतींना ओल आहे का ते बघितलं, कोपरे ठोकून बघितले, नोंदी केल्या. निघताना विचारलं, "आता झोप लागते का?"

केवळाबाईंनी थोडा विचार केला. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

"झोप तर तशी लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण आता मी आत जागी असते."